दरवाजाजवळची जागा

विमानतळावर जायची गाडी कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि आई माझ्या बॅगेत सुक्या जवळ्याची पिशवी कोंबत होती. तिकडे सामानात मासळी चालत नाही, असं मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "फुकट शिकवाला परदेशी चाललीस. माझ्याशी तं कोथिंबिरीच्या काडीवरून भांडतेस."

खोटं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी, सुक्या मासळीचा स्वतः उभा केलेला धंदा लेकीवर सोपवून, मी सहा महिने स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या मलावीला निघाले होते. तिथे मोठ्या तळ्याकाठच्या बायकांना मासळी पाकीटबंद करायला शिकवायचं होतं.

मला निरोप द्यायला वहिनी नव्हती. ती मासळी बाजारात विकायला बसली होती, आईच्या जागेवर.

हे वाचणाऱ्या, कळव्यातच राहिलेल्या तुम्हा गावकऱ्यांना हे माहीत आहे, पण बाहेर पडलेल्यांसाठी सांगते. दहाव्या वर्षापासून मी त्या जागेवर आईच्या मांडीला मांडी लावून बसले. कोलंबी सोलली, गिऱ्हाईकं ओळखायला शिकले, भाव करायला शिकले. आमच्यात सासूची जागा सुनेला जाते. दादाचं लग्न झालं आणि कोपरहून आलेल्या वहिनीला आईने तिथे बसवलं. मी जाब विचारला तर दोनच शब्द मिळाले, "रीत हाय." माझं सासर डोंबिवलीचं, सासूबाई कारकून. तिथून मला बाजारातली जागा कुठून मिळणार? मी बिल्डिंगांचे जिने चढून बोंबील विकले आणि वर आले. पण तीस वर्षांत वहिनीकडून एक सुरमई घेतली नाही.

मलावीत पहिल्याच आठवड्यात बाजार गाठला. उसिपा नावाची बोटाएवढी मासळी चटईवर वाटे लावून मांडलेली. एका म्हाताऱ्या बाईपुढे मी बसले, मासळी दाबून पाहिली आणि सरळ निम्मा भाव सांगितला. तिने उत्तरच दिलं नाही. उलट विचारलं, सकाळी नीट उठलात ना? हा तिथला नमस्कार, तेवढा मी शिकून आले होते. मला वाटलं, वेळ काढतेय. मी उठले आणि चालू लागले. आपल्याकडे तिसऱ्या पावलाला हाक येते. मी सात पावलं गेले. मागे वळून पाहिलं तर ती दुसऱ्या बाईच्या घरची खुशाली विचारत होती.

अपमानाने कान तापले. तरी परत गेले, कारण मासळी चांगली होती. तिची मुलगी ग्रेस इंग्रजी बोलायची. तिने समजावलं, आधी विचारपूस, मग भाव. मी विचारपूस केली, थोडाच भाव पाडून मिळाला आणि पैसे दिले. तेव्हा म्हातारीने आणखी एक मूठ पिशवीत टाकली. त्याला म्बासेला म्हणतात, वरची भेट. न मागता. मी घरी जाऊन वाटा पुन्हा तपासला, कुठेतरी फसवलं असणारच म्हणून. फसवलं नव्हतं.

मग रोज तिथेच जाऊ लागले. तिला सगळे अमाई म्हणायचे, म्हणजे आई. चौथ्या महिन्यात अमाईचे गुडघे गेले आणि त्या चटईवर ग्रेस बसली. मी सहज विचारलं, तुला दोन भाऊ आहेत ना, मग वहिन्या कुठे बसतात?

ग्रेस हसली. "त्या आपापल्या आईकडे. माझे भाऊ लग्न करून तिकडेच राहायला गेले. आईची जागा मुलीचीच असते."

मी पिशवी खाली ठेवली.

बाजारातूनच आईला फोन लावला. रागातच. तीस वर्षांच्या भांडणात अखेर पुरावा हाती आला होता. सांगितलं, बघ, जगात अशीही रीत आहे. मला वाटलं, आता ती मला झापणार. ती म्हणाली, "मंग सून कुठं बसते?"

"तिच्या आईच्या जागेवर."



"म्हंजे मी ठाण्याला बसली असती," आई म्हणाली.

आई दिवा गावची, लग्न होऊन कळव्यात आली, एवढंच मला ठाऊक होतं. "आमचे आयची जागा ठाण्याच्या बाजारात," ती सांगू लागली. "दरवाजाजवळच. आत येणारा पयला तिच्याच पाटीत बघाचा. मी लग्नापर्यंत तिच्या बाजूला बसलेली. मंग भावाचं लगीन झालं, तुजी मामी आली."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुनाला बोलू? आयला? ती बोलली असती, रीत हाय."

मी चटईच्या कडेला बसून राहिले. ग्रेसने विचारलं, घरी कुणी गेलं का? मी मान हलवून नाही म्हटलं. सत्तर पार केलेल्या बाईला तो दरवाजा अजून दिसत होता, आणि मी समजत होते की कळव्यातली जागा तिची होती, माझी हिसकावली गेली. ती तिथे सासूच्या जागेवर बसली होती, तिच्या आईच्या जागेवर तिची वहिनी.

राग गेलेला नाही. तो कुणावर काढायचा, हे मात्र आता कळत नाही. माझं घर म्हणजे कळव्याच्या बाजारातली ती चार फूट जागा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिथे माझ्याआधी कोण कोण आपली जागा सोडून येऊन बसलं, हे कधी मोजलं नाही.

पुढच्या महिन्यात परत येते आहे. आधी आईला घेऊन ठाण्याच्या बाजाराच्या दरवाजाशी जाईन. मग वहिनीकडे सुरमई घ्यायला. भाव करीनच, ती खोड जायची नाही. पण त्याआधी तिला विचारीन, कोपरला तिची आई बाजारात कुठे बसायची.