जादा खुराक

आकाराम माझ्याकडं गाडी घेऊन आला, तवा त्येचा धाकटा भाऊ उदयसिंह, म्हंजे उदा, घर सोडून गेलता. कशापायी? डिझेल चोरलं म्हणून. त्येनं थेंबभर चोरलं न्हवतं, पण हे कळायला गाडी खोलावी लागली.

मी श्रीपाल मिस्त्री. माझं गॅरेज कळंब्याला. आकारामची गाडी म्हंजे जुना ट्रक, पेंडीची पोती घेऊन राधानगरीकडं जाणारा. दोघं भाऊ आळीपाळीनं चालवायचे. आकाराम तरुणपणी तालमीतला गडी. कुस्ती सुटली, पण खुराकाचं याड सुटलं न्हाय. म्हशीला जादा, पोरांना जादा, पावण्याच्या ताटात जादा. गाडीलाबी जादाच की! इंजिनात ऑइल मापाच्या पट्टीवरल्या खुणंच्या वर दोन बोटं वतायचा. "खाईल ती वढंल," म्हणायचा. उदा लई येळा म्हणला, "आण्णा, खुणंपरमाणं घाला." आण्णा कुठला ऐकतोय!

मायेचा माणूस, न्हाय म्हणत न्हाय मी. पण असली माया चुलीत घाला.

पुढं गाडी दमायला लागली. रिकामी बरी पळायची, पोती भरून चढाला लागली की रडायची. डिझेल मात्र ढसाढसा प्यायची. आकारामच्या डोक्यात एकच भूत शिरलं, उदा डिझेल काढून इकतोय. गल्लीतल्या देवळापुढं, चार माणसांत, त्येनं भावाला देवाची शपथ म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. उदानं उचलला. "थेंब घेतला असंल तर माझं वाटोळं हुईल," म्हणला. आमच्याकडं भंडारा उचलला की विषय संपला, पुढं कुणी तोंड उघडत न्हाय. आकाराम म्हणला, "चोर काय भंडाऱ्याला भितोय व्हय?"

उदा त्याच दिवशी इचलकरंजीला गेला आणि कापडाच्या मागावर कामाला लागला.

गंमत बघा. उदा गेला, तरी डिझेल तसंच जात ऱ्हायलं. तवा कुठं ह्यो शहाणा माझ्याकडं आला.

"पंप बघा, नोझल बघा," म्हणला. बघितलं. दोन्ही चांगली हुती. मग मी त्येला इंजिन रेस करायला सांगितलं आणि सायलेन्सरच्या तोंडाम्होरं हात धरला. धूर नुसता फुंकर मारल्यागत येत हुता. सायलेन्सरच्या अलीकडं एक डबा असतोय, त्यात धूर साफ करायची बारीक छिद्रांची जाळी. माझा संशय तिथंच. धूर डब्यात न जाता भाईर पडावा म्हणून डब्याच्या आधीचा जॉइंट ढिला केला आणि भरली गाडी कात्यायनीच्या चढाला घातली. आवाज कान फाटंस्तवर, पण गाडी अशी पळाली की आकाराम पोरागत हसला.

गॅरेजात येऊन डबा उतरवला, खोलला. जाळीचं एक भोक उघडं असलं तर शपथ! सगळा काळा राडा, ऑइलनं चिकाटलेला.

"हे कशानं, मिस्त्री?"

"तुमच्या खुराकानं. जादा ऑइल जळलं आणि धुराबरोबर हितं येऊन बसलं. धुराला भाईर जायला वाट न्हाय, मग गाडी वढंल कशी? दम कोंडला की डिझेल पितीया नुसती."

आकारामनं जाळीवरचा राडा बोटानं खरवडला. "म्हंजे उदानं..."

"न्हाय," मी म्हणलं. माझं डोकं तापलं हुतं.

जाळी फोडून डबा मोकळा करणारे लई हायत. मी तसलं करत न्हाय. आधी ऑइल खुणंवर आणलं, मग नवा डबा बसवला. आकारामनं जुनी जाळी पोत्यात बांधली. "उदाला दावतो. तुमीबी चला, मिस्त्री. माझं एकट्याचं त्यो ऐकायचा न्हाय."

इचलकरंजीत मागाच्या शेडाच्या दारात उभं ऱ्हायलो. उदा भाईर आला, केसांत कापूस. आकारामनं पोतं सोडलं, जाळी त्येच्याम्होरं धरली. "उदा, चूक माझी हाय. ऑइल मीच घालत हुतो. घरला चल."

उदानं जाळी हातात घेऊन बघितली. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"देवापुढं भंडारा उचलला तवा मी खोटा," त्यो म्हणला. "आणि ह्यो राडा बोलला म्हणून खरा व्हय?"

आकाराम, थोरला भाऊ, धाकट्याच्या पायाला हात लावायला वाकला. उदा झटकन मागं सरला. त्येनं जाळी परत पोत्यात ठेवली, तोंड नीट बांधलं, आणि शेजारच्या च्याच्या गाड्यावाल्याला म्हणला, "ह्या पावण्यांस्नी दोन च्या दे रं." मग आत गेला. आत माग खडखडत हुते, हाक मारूनबी ऐकू गेलं नसतं.

च्या तसाच ऱ्हायला. येताना गाडी मी चालवली, आकारामच्यानं हुईना. काय गुळगुळीत पळत हुती म्हणून सांगू! हातकणंगलं मागं पडंस्तवर त्यो मांडीवरच्या पोत्याची गाठ चाचपत हुता. मग म्हणला, "मिस्त्री, त्येनं मला पावणं म्हणलं."