सनाबिसच्या फ्लॅटमधला बंब

मी गाव सोडलं त्या दिवशी जीप वेळेआधीच दारात आली आणि आमच्या घरात नुसता गोंधळ उडाला. लग्नाला जेमतेम महिना झालेला. माझा नवरा, महेश, रजा संपवून बहारीनला परत गेला होता आणि आता मी त्याच्या मागे निघाले होते. मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला घरातली झाडून सगळी माणसं जीपमध्ये बसणार होती, मागे कुणीच उरणार नव्हतं. आणि न्हाणीत बंब रसरसून पेटलेला!

हल्लीच्या मुलांनी बंब पाहिला असेल तर एखाद्या हॉटेलच्या दारात, शोभेला ठेवलेला. म्हणून सांगते. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधोमध आरपार नळी. नळीत वरून कोळसे टाकायचे, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, आणि नळीच्या भोवती पाणी. आमच्याकडे पहाटे पेटलेला बंब सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर आपोआप निवायचा. त्या दिवशी त्याला निवायला सवड नव्हती. माझा भाऊ संतोष बादली भरून घेऊन आला आणि नळीत ओतणार, तेवढ्यात आप्पा ओरडले.

"वाफ तोंडावर घेतोयस का? ठेव ती बादली!"

माझे वडील, आप्पा, मोटारसायकली दुरुस्त करतात. कुठलंही यंत्र उघडताना आणि बंद करताना त्यांचा एक क्रम ठरलेला असतो आणि बाहेर जीपवाला हॉर्न वाजवतोय म्हणून तो बदलत नाही. त्यांनी आधी तोटी सोडून बंबात पाणी आहे ना ते बघितलं. वरून गार पाण्याचे तांबे ओतून पिंप भरून घेतलं. मग न्हाणीचं दार सताड उघडं टाकून सांडशीनं खालची जाळी ओढली, निखारे घमेल्यात पाडले, त्यांच्यावर राख लोटली आणि घमेलं अंगणात नेऊन वर माती टाकली. "बंब काय, कुणीबी पेटवतंय. विझवायला डोकं थंड लागतं," असं म्हणून त्यांनी हात पुसले आणि ते जीपमध्ये पुढे जाऊन बसले. मी मागे बसून मुंबईपर्यंत रडत होते, पण तो प्रसंग मनात पक्का बसला.

बहारीनमध्ये आमचा फ्लॅट सनाबिसला. मॉल आणि ऑफिसांच्या इमारती चालत जाता येईल इतक्या जवळ, त्यामुळे मला एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनची नोकरी लवकर मिळाली. महेश एसीची कामं करतो, त्याची ड्यूटी सित्राला. कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जाते. इथली पहिली गंमत मला कळली ती बाथरूममध्ये. भर उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजला. गच्चीवरच्या टाकीत पाणी उकळत असतं. मग इथली माणसं काय करतात, तर गिझर बंद ठेवतात आणि त्यात घराच्या आत निवलेलं पाणी गार पाणी म्हणून वापरतात. हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गिझरातनं गार पाणी? कुणाला येड्यात काढतीयास गं!" तिच्या मते मी थट्टेखोर होतेच, परदेशात जाऊन जास्त झाले.

मला दिवस गेले तेव्हा मात्र थट्टा संपली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी नाही म्हणाले. बाळाचा बाप सित्रात आणि बाळ गावात, मग मोबाईलच्या काचेवर हात लावून लाड करायचे, हे मला नको होतं. माझ्यासारख्या इथे आलेल्या किती जणींनी ते केलं. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला ते जमणार नव्हतं, एवढंच. आई दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, "तू येत न्हाईस तर मी येती. व्हिसा का काय ते काढ."

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली माझी आई आली ती बंब घेऊन. लहानसाच होता, आजीच्या वेळचा, पण बंब तो बंबच. गोधडीत गुंडाळलेला, आत डिंक, अळीव, बाळंतशेपा कोंबलेलं. विमानतळावर कस्टमच्या माणसानं तो बाहेर काढायला लावला आणि नळीला डोळा लावून आरपार बघितलं. आईनं त्याला आंघोळ करून दाखवली, म्हणजे नुसत्या हातांनी. तो हसत सुटला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला, जाओ." मी तिला म्हटलं, आई, घरात गिझर आहे. ती म्हणाली, "गिझरचं पाणी वरच्यावर तापतंय. बाळंतिणीच्या हाडापतुर जात न्हाय."

मुलगी झाली. आई बाल्कनीत बंब पेटवू लागली. कोळशाची काही अडचण नव्हती. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, शेकोटीच्या आणि हुक्क्याच्या कोळशाच्या पिशव्या असतातच. पण वरच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला आणि वॉचमन येऊन सांगून गेला, "अम्मा, बाल्कनी में आग मफी! मालिक गुस्सा करेगा." मफी म्हणजे नाही, हे आईला कळलं नाही, पण त्याचा हात कळला. "बरं," म्हणाली. मला वाटलं, प्रश्न मिटला. दोन-तीन दिवस गिझरच्या पाण्यावर ती कुरकुरत राहिली.

आणि मग एका सकाळी उत्तरेचा वारा सुटला. इथली थंडी कागदावर फारशी नसते, पण जानेवारीतला हा वारा धूळ घेऊन येतो आणि कानात शिरतो. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. आईनं माझ्या कानात कापूस घातला, डोक्याला स्कार्फ बांधला, सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. महेश केव्हाच ड्यूटीवर गेलेला. मी आतल्या खोलीत पडले होते आणि माझं डोकं ठणकत होतं. ते जागरणानं असेल असं मी धरून चालले. आई बाळाला तेल लावायला बाथरूममध्ये घेऊन गेली होती. बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं की बाळ रडत नाहीये. आंघोळीच्या वेळी इमारत डोक्यावर घेणारी माझी मुलगी, आणि आतून हूं की चूं नाही.

दार ढकललं तर गरम हवेचा लोट अंगावर आला. कोपऱ्यात बंब. धूर अजिबात नाही, नळीत नुसते लालबुंद निखारे. त्या बाथरूमला खिडकी नाही, एक्झॉस्ट फॅन आहे आणि तो वारा नको म्हणून बंद. आई पाटावर पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ, हातात तेलाची वाटी कलंडलेली. "पायात जीवच न्हाय गं," ती म्हणाली, आणि तेही अडखळत. बाळाचे डोळे मिटलेले होते.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण हात थांबले नाहीत. बाळाला उचललं आणि बाहेरचं दार उघडून समोरच्या शमीमआपांची बेल दाबून धरली. त्या खेडकडच्या, इथे मुरलेल्या. त्यांच्या हातात बाळ दिलं आणि म्हटलं, "जिन्यात मोकळ्या हवेत घेऊन जा आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, कोळशाची हवा लागलीय." मग परत आत. श्वास रोखून आईला काखेत धरून ओढत हॉलमध्ये आणलं. टाके ओढत होते, ओढू देत म्हटलं. बाल्कनीचं दार उघडलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेरच्या बटणानं फॅन सुरू केला. वाऱ्यानं पडदे छतापर्यंत गेले. जिन्यातून शमीमआपा ओरडल्या, "रडली गो, पोर रडली!" बारीकसं, मांजरासारखं, पण मलाही ऐकू आलं.

तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण निखारे अजून जळत होते आणि आमच्या बाथरूमच्या फॅनचा झरोका वरच्या फ्लॅट्सच्या झरोक्यांना जोडलेला आहे, तिथेही लेकरं आहेत. शमीमआपांचा मुलगा बादली घेऊन धावत आला. "आँटी, पानी डालूं?" मी त्याला दारातच अडवलं. एवढ्याशा जागेत निखाऱ्यांवर पाणी म्हणजे वाफेनं दोघं भाजलो असतो. वरून नळी झाकली तर निखारे आतल्या आत धुमसत तीच विषारी हवा सोडत राहणार. आधी हवा खेळू दिली. मग आत जाऊन तोटी सोडली. पाणी आलं. बंब कोरडा नव्हता. वरून गार पाणी ओतलं, पुन्हा बाहेर येऊन श्वास घेतला. मग सांडशीनं जाळी ओढली, निखारे स्टीलच्या पातेल्यात घेतले, ते बाल्कनीच्या फरशीवर नेलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीतली सगळी कोरडी माती त्यावर उपडी केली. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं वर आली तेव्हा मी मातीच्या हातांनी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांनी मला सगळ्यात आधी विचारलं की पेशंट तुम्हीच का.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. बहारिनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फहम? घरात?" फहम म्हणजे कोळसा. मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. थंडीत तंबूत कोळसा पेटवून झोपणारी माणसं त्यांच्याकडेही येतात, म्हणाल्या. धूर दिसत नाही म्हणून सगळेच फसतात. त्यांनी आम्हाला लगेच सोडलं नाही, नीट तपासून, बाळ अंगावर पिऊ लागल्यावरच घरी पाठवलं. बाळाला काही झालं नव्हतं. हे वाक्य मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल.

आईला मात्र झालं. ती घरी आली ती बाळाकडे न बघता. बंब तिनं पुन्हा गोधडीत बांधला आणि आप्पांना फोन लावला. "माझं तिकीट अलीकडं घ्या. माझ्या हातनं लेकराचा जीव गेला असता. मी हितं ऱ्हाऊ शकत न्हाय." महेशही मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे त्यांना. त्यांनाच त्रास होतोय." त्याचं चुकत होतं असं नाही. पण मला दिसत होतं, आत्ता ही अशी गेली तर पुन्हा माझ्या मुलीला हात लावणार नाही. इथेही नाही आणि गावीही नाही. सणासुदीला लांबून बघेल आणि डोळे पुसेल. ते मी होऊ देणार नव्हते. मी महेशला म्हटलं, "तिकीट बदलायचं नाही. खलास." आणि आईला म्हटलं, "ह्या घरात पुन्हा कोळसा पेटणार नाही. फॅन बंद होणार नाही, वारा लागला तर लागू दे. पण बाळाची आंघोळ तूच घालायचीस."

गावाकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना हे एवढ्यासाठी लिहिते आहे की कौलाच्या फटींमधून जे आपोआप निघून जात होतं ते स्लॅबच्या घरातून जात नाही. तुमच्याकडेही आता स्लॅब पडलेत, खिडक्यांना काचा बसल्यात. बंब अंगणात मांडा. आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना सांगायचं, आया येतील, सगळं बांधून घेऊन येतील. त्यांना अडवू नका, पण घरातली कुठली खिडकी उघडते ते पहिल्या दिवशी दाखवा. आमच्यासारखं पोळल्यावर नको.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिझर लावला, फॅन लावला, बाथरूमचं दार उघडं टाकलं आणि पाट मांडला. आई सोफ्यावरून हलेना. "तूच घाल. माझं हात कापत्यात." मी म्हटलं, "कापू देत." तिला हाताला धरून उठवलं, पाटावर बसवलं, साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि बाळाला तिच्या उघड्या पायांवर पालथं ठेवलं. ती दोन्ही हात वर धरून बसली होती, पोलिसांनी पकडल्यासारखी. मी तांब्या भरून घेतला आणि तसाच धरून थांबले. तिचे हात खाली आल्याशिवाय मी पाणी ओतणार नव्हते.

माझं घर कुठलं असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी गावाचं नाव सांगायचे आणि सनाबिसला फ्लॅट म्हणायचे. आता तसं म्हणवत नाही. ज्याच्या हातून काल घात होता होता राहिला, त्याच्याच हातात आज आपण लेकरू देतो, आणि आपल्या हातून झालं तर कुणीतरी आपल्याही हातात देईल असं पक्कं वाटतं, ते माझं घर. ते गावात होतं. ते मला इथे करायचं होतं, आणि त्या सकाळी मी ते करत होते.

आईचा एक हात खाली आला, बाळाच्या पाठीवर टेकला. मग दुसरा. "पाणी बघू," ती म्हणाली आणि तांब्यात कोपर बुडवून बघितलं. "वत." मी ओतलं. बाळानं असा टाहो फोडला की शमीमआपा समोरून धावत आल्या आणि उघड्या दारातून ओरडल्या, "काय झालं गो?"

आई रडत होती, पण हात चालू होते. मागे न बघता ती म्हणाली, "काय न्हाय वो. आंगूळ चाललीया."