दादा कंपनीत लागला

मंडळी, आज सकाळी बोईसरला नातीच्या शाळेत पालकसभा होती. पाहुणे भाषणात म्हणाले, "पूर्वी इथल्या लोकांना मुलांच्या शिक्षणाची किंमतच नव्हती." टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आले. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे बाबा पालघरजवळच्या किनाऱ्यावर स्वतःच्या होडीने मासेमारी करायचे. दादाला डिप्लोमाला घालायचं म्हणून त्यांनी होडी विकली आणि दुसऱ्याच्या होडीवर खलाशी झाले.

दादा पास झाला. बाबा त्याला घेऊन तारापूरच्या एका केमिकलच्या कारखान्यात गेले.

"सायेब, माजा पोरगा डिप्लोमा झालाय."

गेटवरच्या सुपरवायझरने कागद उघडूनही पाहिले नाहीत. "डिप्लोमावाले बहुत हैं. ड्रम उठाएगा तो कल से आ जा."

परत येताना बाबा दादाला म्हणाले, "आयेला यातलं काय सांगू नको. कंपनीत लागलो, एवढंच सांग."

आईने आळीभर साखर वाटली.

चांगली जागा मिळेपर्यंत म्हणून उचललेले ड्रम दादा कंबर जाईपर्यंत उचलत राहिला. आई मात्र भेटेल त्याला सांगायची, "माजा पोर कंपनीत सायेब हाय." त्याचे ॲसिडने भोकं पडलेले कपडे तीच धुवायची. तिला कळलं नसेल, असं मला नाही वाटत.

आमचे आईबाप कुठेच कमी पडले नाहीत. मग कमी कोण पडलं? तुम्हीच सांगा.