उत्तरेच्या भिंतीतली कमान

आधीच सांगते, कुणी असले किस्से सुरू केले की मी उठून चहा टाकायला जाते. माहेर वसईचं, रविवारी चर्चमध्ये मिस्सा चुकवत नाही, पण भुतंखेतं... नाही. दुबईत अल क्वोजला एका वर्कशॉपमध्ये इमारतींची छोटी मॉडेल्स बनतात, तिथलं प्रॉडक्शन मी बघते. तडा गेला तर त्याला कारण असतं आणि ते शोधणं माझं काम.

मागच्या उन्हाळ्यात इंग्लंडहून ऑर्डर आली. एका खेड्यातलं मध्ययुगीन चर्च. ते शतकाशतकाने वाढत गेलेलं, म्हणून प्रत्येक काळाचा रंग वेगळा हवा होता. मूळ भाग करडा, नंतर रुंद केलेली दक्षिण बाजू पिवळट, शेवटी चढवलेला मनोरा तांबूस. उत्तरेची भिंत मूळचीच, करडी. ड्रॉइंगमध्ये तिला दार नव्हतं.

आमचे सगळ्यात जुने कारागीर, रत्नागिरीकडचे युसुफभाई, यांनी ती भिंत लावली. सकाळी तिला तडा! खालून वर चढून, वळून परत खाली उतरलेला. कमानीसारखा.

"एसीमुळे," मी म्हटलं. "बाहेर भट्टी, आत फ्रीज. अॅक्रिलिकची शीट बदला."

बदलली. त्याच जागी तीच कमान. मग अॅक्रिलिक सोडून लाकडाची केली... तरी तेच.

"मॅडम, चर्च तुमचं, तुम्हीच समजवा त्याला," युसुफभाई म्हणाले.

"माझं वसईत आहे. हे प्रोटेस्टंटांचं."

ते हसले, पण काळजीत होते. मालकाने सगळ्यांसमोर सुनावलं होतं — "हबीबी, तुझे हात गेले. अजून एक तडा आणि खलास, व्हिसा कॅन्सल." गावाकडे मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच हातांवर चाललं होतं.

पॅकिंगच्या दिवशी दुपारी नव्या भिंतीवरही त्याच कमानीची केसासारखी रेघ उमटली. मालक बघायला येणारच होता.

"कापा," मी म्हटलं.

"काय?"

"त्या रेघेवरून कापा आणि दार बसवा. विचारलं तर माझं नाव सांगा."

त्यांनी कमान कापली, त्यात लाकडाचा एकसंध तुकडा बसवला, कडेने ग्लू भरला. मी नखाने ढकलून पाहिलं, हललं नाही. तडा तिथेच थांबला. मालक लांबूनच म्हणाला, "यल्ला, चला, पाठवा."

मॉडेल पोचलं तसा तिथल्या इतिहासतज्ज्ञ बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी बोलणी खायच्या तयारीत.

"या दाराबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "आम्ही याच आठवड्यात उत्तरेच्या भिंतीचा गिलावा काढला. आत दगडांनी बुजवलेली कमान निघाली. अजून कुणालाच कळवलेलं नाही."

"ते दार कशासाठी होतं?" मी कसंबसं विचारलं.

"लोक सांगतात, बाप्तिस्म्याच्या वेळी उघडं ठेवायचे. बाळातून निघालेला सैतान बाहेर जावा म्हणून. पुढे बुजवलं... पण तुम्ही ते उघडं का ठेवलंत?"

त्यांनी कॅमेरा वळवला. दार बाहेरच्या बाजूला सताड उघडं होतं, एका कडेवर नीट तोललेलं.

युसुफभाईंची नोकरी टिकली. त्यांनी विषय बंद केलाय, मलाही करायचाय. प्रवासात ग्लू सुटला असेल, मान्य. पण मग तो तुकडा खाली पडायला हवा होता. त्याला आम्ही बिजागरी लावलीच नव्हती.