भास्करदादांचा हात

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी भास्करदादांनी एका गिऱ्हाइकाच्या थोबाडीत मारली. जोगेश्वरीला हायवेच्या आतल्या गल्लीत गाड्या सजवून देणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकात मी सीट कव्हरं शिवायला आले होते. मशीनमध्ये दोरा ओवत होते, तेवढ्यात फाडकन आवाज आला. मान वर करून बघते तर एक उंचापुरा माणूस गालावर हात धरून उभा, आणि त्याच्यासमोर त्याच्या खांद्यालाही न लागणारे, केसांत धूळ माखलेले दादा. गिऱ्हाइकाचा गुन्हा एवढाच की दादांनी गाडीच्या तळाशी सरळ अंथरलेल्या वायरीवर तो बूट ठेवून उभा राहिला होता. दादांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा उठले.

शेठ धावत आले, गिऱ्हाइकाच्या अक्षरशः पाया पडले. दादा तोवर पुन्हा गाडीत शिरून आडवे झाले होते. आतूनच मला म्हणाले, "नवीन काय गो तू? कात्री धारेची ठेव. आणि मी वायर ओढत असताना गाडीत पाय टाकायचा नाय."

भास्कर तावडे हे त्यांचं नाव. मूळचे मालवणकडचे, वाढले गिरणी कामगारांच्या चाळीत, राहायला घाटकोपरला. गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवणं हे त्यांचं काम. मी आधी सीट उतरवायची आणि कार्पेट उचलायचं, मग ते वायरी ओढणार, मग मी सगळं पुन्हा झाकायचं. त्यामुळे त्यांचं काम मी जितकं पाहिलं तितकं एकाही गिऱ्हाइकानं पाहिलं नसेल.

मोठ्या आवाजाच्या सिस्टिमला थेट बॅटरीवरून जाड वायर आणावी लागते. गाणं वाहून नेणारी वायर वेगळी, बारीक. ती जाड वायरीला लागून गेली की गाणं बंद केलं तरी स्पीकरमधून कूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. हा आवाज दादांना सहन व्हायचा नाही. "पॉवर डावीकडनं, सिग्नल उजवीकडनं," ते सांगायचे, "दोघांना एका खाटेवर निजवलंस तर जन्मभर भांडतील. आणि एकमेकांना ओलांडायचंच असेल तर आडवं ओलांडायचं, फुलीसारखं. नमस्कार करून पुढे जायचं, गप्पा मारत उभं राहायचं नाय."

काम झालं की ते डॅशबोर्डखाली डोकं घालून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत पडायचे. नितीन नावाचा दुसरा फिटर इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर हळूहळू दाबायचा. मला काहीच ऐकू यायचं नाही. दादांचा चेहरा मात्र दाढ दुखल्यासारखा व्हायचा. मग सगळ्या वायरी बाहेर. एकदा एका गाडीचं काम तीनदा उसवूनही ती कुरकुर जाईना, तेव्हा त्यांनी नव्या कोऱ्या स्पीकरच्या पडद्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दुसऱ्या दिवशी दोष सापडला. अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावरच आवळलेली होती. त्यांनी रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्क्रू पुन्हा आवळला आणि आवाज गेला.

एका दुपारी डबा खाताना, कोणी विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "माझा बाप आईला मारायच्या आधी रेडिओ मोठा करायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. रेडिओ खरखरायचा. मग पट्टा." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली आणि माझ्या डब्यातला ठेचा मागितला. पुढे कधी तो विषय काढला नाही.

त्यांच्या हाताला गल्ली घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फायदाच झाला. समोरच्या टायरवाल्याकडे एक माणूस होता. मी पाणी भरायला गेले की मुद्दाम घासून जायचा. एकदा त्यानं माझ्या कमरेला हात लावला. मी कोणाला काही बोलले नाही, पण परत आल्यावर टाका सरळ पडेना. दादांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण?" मी नुसतं समोर बघितलं. ते रस्ता ओलांडून गेले, त्या माणसाचा हात धरून टायरच्या रिमवर ठेवला आणि "आवशीचो घो तुझ्या" म्हणत बोटं मागे वाकवली. मोडल्याचा आवाज माझ्या मशीनपर्यंत आला. तो माणूस गुरासारखा ओरडत होता आणि मी हसत होते. तोंडावर ओढणी धरून हसत होते. हे मी इथे लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मीही तितकीच आहे असं मला वाटतं.

नितीन तिशीतला, हसरा, कामाला चलाख. एका दिवसात तीन गाड्या काढायचा. दादांच्या हाताखाली तो सहा वर्षं होता आणि सगळ्यात जास्त मार त्यानंच खाल्ला होता. कधी पक्कड फेकून, कधी टपली, कधी कानशिलात. तो गाल चोळत म्हणायचा, "दादांचा हात म्हणजे देवळातली घंटा यार, येता-जाता वाजणारच." आम्ही हसायचो. तोही हसायचा. त्याच्या डोळ्यांत तेव्हा काय असायचं ते मी कधी नीट बघितलं नाही.

त्या वर्षी दादा गणपतीला गावी गेले. दादांचं नाव ऐकून आलेल्या मुलुंडच्या एका गृहस्थांची गाडी त्या दिवसांत नितीननं केली. दादा परत आले त्याच आठवड्यात ते गृहस्थ दुकानात शिरले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जळून काळी झालेली वायर. त्यांनी विचारलं, "तावडे कोण?" दादा पुढे झाले. त्या माणसानं त्यांना दोन्ही हातांनी थोबाडीत मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नितीन आणि शेठ मध्ये पडले. दादांनी हात वर केला नाही. दुकानात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"माझी बायको आत होती," तो माणूस म्हणाला, "तिच्या पायाखालून जाळ आला. दार उघडेना. गुडघ्यापर्यंत पाय भाजलेत तिचे. ड्रेसिंग बदलताना ती किंचाळते ते ऐकायला चल तू. चल ना, कान फार चांगले आहेत म्हणे तुझे." मग तो खुर्चीत बसून रडला, पोलिसांत जातो म्हणाला आणि निघून गेला. वायर तिथेच राहिली.

दादा ती वायर घेऊन दारात उजेडात गेले. बॅटरीवरून निघालेल्या वायरीला वीतभर अंतरावर फ्यूज लागतो. इथे फ्यूजच नव्हता. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर लागतं, नाहीतर पत्र्याची धार वायरीचं साल सोलते. नेमक्या तेवढ्याच जागी तांबं वितळून गोळा झालं होतं. दादांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"नितीन," ते हळू आवाजात म्हणाले, "रबर का नाय घातलंस?"

"घाई होती दादा. गणपतीत किती गाड्या असतात तुम्हाला माहीत आहे ना."

"फ्यूज?"

"संपले होते. दोन दिवसांनी बोलावून लावणार होतो, राहून गेलं." आणि मग, भीतीनं असेल, सवयीनं असेल, तो हसला. "होतं ना दादा कधीकधी. इन्शुरन्स आहे त्यांचा."

एरवी शिव्या दिल्याशिवाय दादांचा हात उठायचा नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. जॅकचा दांडा जवळच होता. पहिला फटका नितीनच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. तो गाडीच्या खाली शिरायला गेला तर दादांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. नितीन "दादा, दादा" करत होता. शेठ बाहेर पळाले. मी उठले आणि दादांच्या हाताला लोंबकळले. त्यांनी मला झटकलं, दांडा फिरला आणि माझं मनगट मोडलं. मी खाली पडले तिथून मला नितीनचा चेहरा सरळ दिसत होता. पुढचा फटका त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला तो मी बघितला. त्यानंतर आणखी दोन बसले. मग गल्लीतले लोक आले आणि सात-आठ जणांनी मिळून दादांना दाबून धरलं.

माझं मनगट बरं झालं. नितीनचा डोळा गेला.

केस उभी राहायला दोन वर्षं गेली. दादा जामिनावर होते, दुकानात येत नव्हते. साक्षीदार मीच. शेठ मला म्हणाले, "सुनंदा, नितीननं आधी पाना उगारला एवढंच बोल. दुकानाचंही भलं, भास्करचंही." माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी दादांची बायको घरी आली. चहाला हात लावला नाही. "तुझ्यासाठी त्यांनी हात उचलला होता तेव्हा तुला गोड वाटलं ना?" त्या म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या.

कोर्टात वकिलानं विचारलं, "जखमी माणसाच्या हातात काही होतं का?"

"नाही."

"त्यानं आधी हल्ला केला?"

"नाही. तो दादा, दादा म्हणत होता."

दादा पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मुलुंडच्या गृहस्थांची केस नितीनवर आणि शेठवर वेगळी चालली.

मी तुरुंगात त्यांना एकदाच भेटले. मध्ये काच, बोलायला फोन. त्यांनी पहिलं विचारलं, "मुलुंडच्या बाई चालतात काय?"

"काठी धरून."

"आणि तो?"

"एका डोळ्यानं दिसतं. आता वायरीचं काम जमत नाही म्हणतो, अंतराचा अंदाज येत नाही. मोबाईलची कव्हरं विकतो."

ते म्हणाले, "तू खरं बोललीस ते बरोबर केलंस. पण मी पण खोटं नाय बोलत, सुनंदा. मला अजून वाईट वाटत नाय. वाटायला पाहिजे ते कळतं. वाटत नाय." त्यांच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. औषध लागू पडत नसल्याचं माणूस डॉक्टरला सांगतो, तसं ते सांगत होते.

सुटून आले तेव्हा निम्मे झाले होते. दुकानाच्या दारात उभे राहून म्हणाले, "नितीनकडे जायचंय. तू चल. एकटा गेलो तर जिन्यावरनं परत फिरेन." मी मशीन झाकली आणि निघाले.

नितीन आईबरोबर जोगेश्वरीलाच चौथ्या मजल्यावर राहायचा. दार आईनं उघडलं. तिला दादांना ओळखायला क्षणभर लागला. मग पायातली चप्पल काढली. दादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. ती मारत राहिली, तोंडावर, डोक्यावर. चप्पल तुटली तेव्हा आतून लाटणं घेऊन आली. "माझ्या पोराचा डोळा दे," एवढंच म्हणत होती. दादांचा ओठ फाटला, भुवई फुटली. आत कॉटवर नितीन बसला होता. तो बघत होता आणि आईला थांबवत नव्हता. मीही थांबवलं नाही. माझं मनगट ठणकायला लागलं होतं. शेवटी ती दमली आणि तिनं दार लावून घेतलं.

दादा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. शर्टवर रक्त ठिबकत होतं. मी ओढणी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"तो सहा वर्षं हसायचा, सुनंदा," ते म्हणाले. "मार खाऊन हसायचा. मला वाटायचं, ह्याला लागत नाय." आणि मग ते रडायला लागले. खोकल्याची उबळ यावी तसे. वरून कोणीतरी बादली घेऊन उतरत होतं, तो माणूस आम्हाला ओलांडून गेला तरी त्यांचं रडणं थांबेना.

आठ दिवसांनी नितीनची आई दुकानात आली. मला म्हणाली, "त्याला सांग, परत ये. माझं अजून झालेलं नाही." मी फोन करून जसंच्या तसं सांगितलं. दादा रविवारी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. दोन्ही वेळा त्यांनी मार खाल्ला. चौथ्या खेपेला तिनं दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि दार उघडंच टाकून आत निघून गेली. ते तासभर उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि घरी गेले.

आता ते घाटकोपरला एका गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करतात. त्यांचा राग गेला असं मी म्हणणार नाही. परवाच कोणीतरी उर्मटपणे बोललं म्हणून त्यांनी भिंतीवर मूठ मारून घेतली, दोन बोटं सुजली होती. पण माणसावर हात उचलल्याचं मी ऐकलं नाही. रविवारी अजून जोगेश्वरीला जातात. लिफ्ट बंद असली की म्हातारीचा गॅस सिलिंडर चार मजले चढवून देतात. ती त्यांना "ए तावडे" म्हणते. पाणी विचारत नाही.

काल त्यांना भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, "नितीन बोलतो का?"

"ना. मी आलो की भिंतीकडे तोंड करून निजतो."

"बोलेल कधीतरी."

दादा माझ्यावर एकदम उखडले. "कशाला बोलेल? बोलूच नये त्यानं."

आणि सुजलेली बोटं त्यांनी पाण्यात बुडवली.