सात नंबरची गाडी

वाद घालण्यात मी लहानपणापासून पटाईत. घरात, कॉलेजात, बँकेच्या रांगेत, कुठेही. माझा मुद्दा बरोबर असो वा नसो, समोरचा गप्प झाला की मला बरं वाटायचं. या एका खोडीपायी मी जे करून बसलोय, ते आता लिहितो आहे. लिहून काही सुधारणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात मुंबई नाक्याजवळ एका काकांचं मोटारीचं गॅरेज होतं. रविवारी शटर अर्धं खाली असायचं आणि आत आम्ही पाच-सहा जण रिकाम्या डब्यांवर बसून कार शर्यतींवर भांडायचो. सुरुवातीला आमचं सगळं ज्ञान देवळाली कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानातून यायचं. लष्करी अधिकाऱ्यांच्या घरची इंग्रजी मासिकं तिथे किलोवर मिळत. शर्यत होऊन दोन वर्षं झालेली असायची आणि आम्ही मात्र ती कालच झाल्यासारखे एकमेकांच्या अंगावर जायचो. पुढे केबल आली आणि मग निदान आठवड्याभरात तरी कळायला लागलं.

आमची लाडकी मालिका एकच होती. मोठ्या शर्यतीच्या आधी अर्धा तास दाखवायचे ती. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या स्पोर्ट्स कार. इंजिन तेच, टायर तेच, वजन तेच. बाकी शर्यतींत कोण जिंकलं हे कुणाच्या खिशात किती यावर ठरतं, इथे फक्त चालवणाऱ्याच्या हातापायांवर, असं काका म्हणायचे. त्यांनी नियमच केला होता. वादात ‘त्याची गाडीच बरी होती’ असं कुणी म्हटलं की त्याने रॉकेलच्या ट्रेमध्ये हात घालून गॅरेजमधले सगळे पाने धुवायचे. मी एकदाही धुतले नाहीत. मी तर या नियमाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होतो.

त्या परदेशी ड्रायव्हरांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नसत, म्हणून हेल्मेटच्या रंगावरून आम्ही त्यांना ओळखायचो. मी हिरव्याच्या बाजूचा. सगळ्यात जास्त अजिंक्यपदं त्याची, मग प्रश्नच कुठे येतो, असं मी छाती ठोकून सांगायचो. काका पिवळ्याचे. तो कधी अजिंक्य ठरला नाही, पण पावसात मागून येऊन दहा-दहा गाड्या ओलांडायचा. ‘पहिल्या नंबरवरून सुटून पहिलं यायला काय लागतं? माझी म्हातारी पण येईल,’ असं काका म्हणायचे आणि मी पेटायचो. निकालांची एक वहीच मी ठेवली होती. ती उघडली की काका हात जोडायचे.

या सगळ्यात एक जण फारसं बोलायचा नाही. तो काकांकडे मेकॅनिक होता, माझ्याच वयाचा, पेठकडच्या डोंगरातल्या गावचा. घरी भाताची आणि नागलीची थोडी शेती. गॅरेजच्या माळ्यावर राहायचा. माझा मित्र म्हणावा असा तो एकटाच, बाकीचे नुसते श्रोते. तो म्हाताऱ्याच्या बाजूचा होता. पन्नाशीला टेकलेला एक पांढऱ्या हेल्मेटवाला त्या मालिकेत होता, कायम पाचवा-सहावा यायचा.

‘तो कसला श्रेष्ठ?’ मी एकदा खेकसलो.

‘त्याचे ब्रेकचे दिवे बघ ना भाऊ,’ तो म्हणाला. ‘सगळ्यात कमी वेळ लागत्यात. बाकीचे घाबरत्यात, हा नाय घाबरत. अन शेवटाला त्याचेच टायर नीट राहत्यात.’

आम्ही हसलो. पुढच्या शर्यतीत मी चोरून दिवे पाहिले. तो म्हणत होता ते खरं होतं. मी मात्र ते कबूल केलं नाही.

गाडीच्या बाबतीत त्याला जे कळायचं ते आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. दुरुस्त झालेल्या गाडीची ट्रायल घ्यायला तो पेठ रोडने सावळ घाटापर्यंत जायचा. मी बरोबर असायचो. तो एक हात सैल ठेवून चालवायचा आणि मध्येच म्हणायचा, ‘मागचं डावं बेअरिंग जाणार हे, महिन्याभरात.’ महिन्याभरात ते जायचंच. घाटात त्याच्या शेजारी बसलं की वेगाची भीती वाटत नसे, इतका तो सहज चालवायचा. मग परतताना मी चालवायला घ्यायचो आणि तो मुकाट्याने हँडल धरून बसायचा. मी वेगात जायचो. माझ्या मते मी फार छान चालवायचो.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली आणि आपल्याकडेही तशीच मालिका सुरू होणार असल्याची बातमी आली. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर नवशिक्यांची निवड होणार होती आणि निवडलेल्यांना नंतर पत्राने कळवणार होते. वयाची अट पंचविशीच्या आतली. मी चोवीस वर्षांचा, तोही चोवीस. काकांनी आम्हा दोघांनाही पाठवायचं ठरवलं. अर्ज मी भरले, कारण इंग्रजी मलाच यायचं. निघताना काका सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘आता कळेल साहेब बोलतात तसे चालवतात का.’ त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती.

तिथे सगळ्या गाड्या सारख्या, त्यांवर नुसते नंबर. चिठ्ठी काढायची आणि येईल त्या नंबरच्या गाडीत बसायचं. मला सकाळच्या गटात सात नंबर आला. आठ फेऱ्या मिळाल्या. पहिल्या वळणावर मी उशिरा ब्रेक मारला आणि बाहेर गेलो. दुसऱ्या फेरीत लवकर मारला. मग कधी उशिरा, कधी लवकर. गाडी उत्तम होती. मी जे सांगेन ते ती तंतोतंत करत होती, आणि मला काय सांगायचं तेच कळत नव्हतं. सकाळच्या गटात मी शेवटून दुसरा आलो.

दुपारी त्याने चिठ्ठी काढली. त्यालाही सातच नंबर.

मी कुंपणाशी उभा राहून पाहिलं. पहिल्याच वळणावर त्याचे ब्रेकचे दिवे लागले न लागले तोच विझले. मला आनंद झाला नाही. आपला मित्र इतका सुंदर चालवतो आहे आणि आपल्याला आनंद होत नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आठही फेऱ्या त्याने एकसारख्या काढल्या. भिंतीवर निकालाचा कागद लागला तेव्हा तो हेल्मेट परत करायला गेला होता. दिवसभरातली सगळ्यात कमी वेळ त्याची होती. तो परत आला तशी मी कागदासमोर आडवा उभा राहिलो.

‘माझा कितवा?’ त्याने विचारलं.

‘मधेच कुठेतरी. चल, गाडी चुकेल.’

त्याने मान डोलावली आणि माझी बॅग उचलली. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की मागे वळून बघावंसंही त्याला वाटलं नाही.

रविवारी गॅरेजमध्ये सगळे जमले होते. काय झालं, काका विचारत होते. इतकी वर्षं ज्याने कुणाचं काही ऐकून घेतलं नाही, त्या मला खाली मान घालून ‘मला जमलं नाही’ एवढं म्हणता आलं नाही. मी म्हणालो, ‘सात नंबरच्या गाडीचे ब्रेक डावीकडे ओढत होते.’

कुणी मला पाने धुवायला लावले नाहीत. सगळे हळहळले. काका त्याच्याकडे वळले. ‘तुलाही तीच होती ना रे? ओढत होती?’

तो माझ्याकडे बघत राहिला. ‘ओढत असंल, शेठ,’ तो म्हणाला. ‘मला तर कळलं नाय.’

‘याला मोडक्या गाड्यांचीच सवय, याला काय कळणार!’ काका म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो.

काका तत्त्वाचे पक्के. शर्यत सारख्या गाड्यांची म्हणायची आणि एक गाडी सदोष द्यायची, हे त्यांना सहन होईना. तक्रार करायचीच, असं त्यांनी ठरवलं. ते मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेलो. शेवटी ते म्हणाले, ‘लिही, या गाडीत काढलेली कुठलीही वेळ ग्राह्य धरू नये.’ माझा हात थांबला. त्या वाक्याने काय होणार हे तिथे फक्त मला माहीत होतं. ‘लिही की,’ काका म्हणाले. मी लिहिलं. खाली मी सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

‘मी पण करू?’ त्याने विचारलं. ‘माझं काय बिघडनार नाय ना?’

‘काही नाही. झालंच तर परत संधी देतील.’

त्याने जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

उत्तर महिन्याभराने आलं. दोन्ही चालकांनीच लेखी तक्रार केल्यामुळे सात नंबरच्या गाडीतल्या वेळा रद्द केल्या आहेत. त्यात दिवसाची सर्वोत्तम वेळही होती याचा खेद वाटतो. दोघांनी पुढच्या वर्षी जरूर यावं. मी ते सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. मधलं वाक्य गाळलं. पुढच्या वर्षी आम्ही वयात बसत नव्हतो.

खरं नुकसान मला हळूहळू दिसत गेलं. ट्रायलहून आल्यावर तो आता काकांना म्हणायचा, ‘शेठ, तुम्ही पण एक चक्कर मारा. ओढती का बघा, मला नाय समजत.’ जे त्याला डोळे मिटूनही समजत होतं, त्यावरचा त्याचा भरवसाच उडाला. गाडी बिघडलेली असताना आपल्याला ते कळलं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दोन-तीन वर्षांनी त्याने गॅरेज सोडलं आणि वणीहून देवीच्या गडाच्या पायथ्यापर्यंत भाविकांची ने-आण करणारी जीप चालवायला लागला. रविवारी जमेल तेव्हा वादाला यायचा, कोपऱ्यातल्या डब्यावर बसायचा. श्रेष्ठ कोण, हिरवा की पिवळा, हे आमचं चालूच होतं. म्हाताऱ्याचं नाव त्याने परत काढलं नाही. तो आला की मी जास्तच मोठ्याने बोलायचो.

मी हे सात वर्षं पोटात ठेवलं. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. दर रविवारी मी मूग गिळून बसलो.

मग एका नवरात्रानंतर मी एकटाच वणीला गेलो आणि त्याच्या जीपमध्ये पुढे बसलो. दुपारची वेळ, मागे भाविक कोंबलेले. रस्ता मोकळा होता तरी तो वळणाच्या फार आधी, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता. ते मला बघवेना. पायथ्याशी सगळे उतरले आणि मी त्याला सांगितलं. ब्रेक ओढत नव्हते. मीच खोटं बोललो. कागदावर पहिली वेळ तुझी होती.

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

‘पहिला?’ तो म्हणाला. ‘सगळ्यांत?’

‘सगळ्यांत.’

त्याचा चेहरा असा काही फुलला की मला खाली बघावं लागलं. काही वेळ तो नुसता स्टिअरिंगवर हात फिरवत बसला. माझ्यामुळे काय गेलं याचा हिशेब त्याने मांडलाच नाही.

‘रविवारी सांगशील का, भाऊ? सगळ्यांसमोर, शेठसमोर?’ तो म्हणाला. ‘मी सांगितलं तर कोन खरं मानंल? तू सांगितलं तर मानतील.’

मी हो म्हणालो. म्हणताना मनापासून म्हणालो.

रविवारी अकराच्या सुमारास काकांचा फोन आला. ‘अरे, आहेस कुठे? हा सकाळपासून येऊन बसलाय, फेऱ्या बंद ठेवून. तू काहीतरी सांगणार आहेस म्हणे. तू आल्याशिवाय कुणाला तोंडच उघडू देत नाहीये. कधी येतोस?’

मागे त्याचा आवाज ऐकू आला. ‘येतोय ना? निघाला का, विचारा ना शेठ.’

‘पाहुणे आलेत, काका,’ मी म्हणालो. ‘आज नाही जमणार.’

घरात मी एकटाच होतो.