कपाटातली तोंडं

"बाई, दात लांब झालेत माझे. नातवंडं जवळ येईनात. बायको म्हणते, हसू नका, मढं हसल्यागत दिसतं."

"मग हसता कशाला? आ करा."

म्हातारा निवृत्त पहारेकरी. तीन महिन्यांपूर्वी दातांच्या मुळापर्यंतचं कीटण खरवडून त्याच्या हिरड्यांवर उपचार केले होते. आता हिरड्या खरंच खचत असतील, तर तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीला ठिगळ लावायचं, तेही आजच. ते ठरायचं बाईच्या मापावर. दवाखान्यात तिला सगळे मापवाली म्हणत. वीस वर्षं प्लास्टरचे साचे ओतले, मग कुठं हातात स्कॅनर आला.

तिनं तोंडात स्कॅनरची कांडी फिरवली. पडद्यावर चेहऱ्याविना तोंड उगवलं. दात सहसा जागचे हलत नाहीत. म्हणून दातावर दात बसवून नवं तोंड उपचाराआधी घेतलेल्या जुन्या स्कॅनवर ठेवायचं. हिरडी सरली असेल तिथं रंग चढतो. आज रंग चढलाच नाही. सगळीकडे शून्य.

मापवाली पडद्याकडं वाकली. जित्या माणसाचं मांस इतकं गप्प राहत नाही. तिनं पुन्हा मोजलं. शून्यच.

"काय निघालं, बाई?"

"लाळ गिळा आणि गप बसा."

मग उमगलं. घाईत तिनं नवं स्कॅन जुन्याच फाइलवर साठवलं होतं. जुनं पुसलं गेलं आणि नवं नव्यावरच बसलं. बरी झालेली हिरडी काही मापापुरती पुन्हा सुजून दाखवणार नव्हती.

पण मापवालीची जुनी खोड होती: स्कॅन केलं तरी साचा ओतायचाच. मागच्या खोलीतल्या कपाटात पांढरे जबडे ओळीनं दात विचकून बसलेले. "कशाला जपतेस ही भुतावळ?" डॉक्टरीणबाई हिणवायच्या. निम्म्यांचे धनी केव्हाच गेलेले. बल्ब उडालेला, म्हणून ती चाचपत राहिली. बोटाला वाकडा सुळा लागला. नवऱ्याचा. जाऊन चार वर्षं झाली, तरी जबडा ओलसर लागला.

"तुम्ही नाही," ती पुटपुटली, आणि त्याला मागं सारून म्हाताऱ्याचा उपचाराआधीचा साचा काढला.

साचा स्कॅन करून त्यावर नवं तोंड ठेवलं. आता रंग चढला. खालच्या पुढच्या दातांशी दीड मिलिमीटर, बाकी थोडं थोडं. तिनं डॉक्टरीणबाईंना आधी चूक सांगितली, मग आकडा.

त्यांनी साच्यातली फुगलेली हिरडी पाहिली, म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं. "खचली नाही, सूज उतरलीय. कापायचं नाही काही."

"म्हणजे आता असंच हसायचं?"

"हसा. नातवंडांना होईल सवय," मापवाली म्हणाली.

ती साचा परत ठेवायला गेली. मागं सारलेला वाकडा सुळा पुन्हा ओळीच्या पुढं आला होता. तिनं जबडा भिंतीकडं वळवला, कपाटाला कडी घातली, हात धुतले.

"चला, पुढचं कोण? आ करा."